१०९ वर्षं कपाटात राहिलेली सिम्फनी: हान्स रॉटला लोक "विसरले" म्हणजे नेमकं काय झालं?

मागे भाचीने व्हॉट्सॲपवर एक यूट्यूबची लिंक पाठवली आणि खाली लिहिलं, "मामा, हा माहलर आहे ना? पण नाव भलतंच दिसतंय." ऐकायला लागलो तर तिची चूक नव्हती, माहलर (व्हिएन्नाचा गाजलेला कंपोझर) ऐकलेला कुणीही तिथे फसेल. नाव होतं हान्स रॉट. सिम्फनी लिहून पूर्ण झाली १८८० साली आणि पहिल्यांदा वाजली ४ मार्च १९८९ला. हे सांगितल्यावर तिचा पुढचा मेसेज आला, "मधली १०९ वर्षं ती होती कुठे? गाणं कपाटात कसं काय राहतं?"

प्रश्न अगदी बरोबर आहे आणि उत्तर एका मेसेजात मावणारं नाही, म्हणून इथे लिहितोय. अशा कंपोझर लोकांबद्दल हल्ली सतत काहीतरी येत असतं, अमक्याचं हरवलेलं संगीत सापडलं, तमक्याची विस्मृतीत गेलेली रचना पुन्हा वाजली वगैरे, आणि वाचणाऱ्याला वाटतं की हे लोक मुळात हरवतात कसे आणि सापडतात कसे.

आधी हे, की संगीत कागदावर असतं म्हणजे काय

आपल्याकडे बंदिश गळ्यात राहते. गुरूने दिली, शिष्याने घोटली, आणि पुढे कुणी शिकणाराच नसेल तर ती गेली, मग शोधायला कपाटसुद्धा नाही. भातखंडे ठिकठिकाणी फिरून उस्तादांकडून चिजा लिहून घेत होते त्यामागे हीच धास्ती होती.

पाश्चात्य क्लासिकलमध्ये गाडी उलट्या बाजूने सुरू होते. कंपोझर सगळं आधी लिहितो. सिम्फनी म्हणजे ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेली मोठी रचना, साधारण चार भागांची, अर्ध्या तासापासून तास-दीड तासापर्यंत कितीही. ती ज्या बाडात लिहिलेली असते त्याला स्कोअर म्हणतात, त्यात सगळ्या वाद्यांच्या ओळी एकाखाली एक असतात, वर बासरी मग ओबो वगैरे करत खाली व्हायोलिन आणि तळाला डबल बास. पण वाजवणाऱ्यांसमोर हे बाड नसतं. प्रत्येकासमोर फक्त त्याच्या वाद्याची ओळ उतरवून काढलेली असते, तो पार्ट. जुन्या नाटक कंपन्यांत नटाला अख्खं नाटक न देता त्याची नक्कल तेवढी लिहून देत, तसंच हे.

आता हिशेब करा. साठ-सत्तर माणसांचे पार्ट हाताने उतरवायचे, कारण १८८०मध्ये झेरॉक्स नाही. मग तेवढ्या माणसांच्या तालमी, हॉल, कंडक्टर, आणि हे सगळं एका नवख्या पोराच्या तासाभराच्या रचनेसाठी करायला तयार होणारा, ज्याच्या शब्दाला वजन आहे असा कुणीतरी. यातलं काहीच झालं नाही तर ती सिम्फनी म्हणजे वहीत लिहिलेली पाचशे पानांच्या पंक्तीची कृती, आचारी नाही की शिधा नाही. वाचता येणारा वाचून म्हणेल की वा, झकास लागेल, पण चव कुणीच घेतलेली नसते.

रॉटच्या बाबतीत नेमकं हे झालं. अख्खी सिम्फनी ऑर्केस्ट्राकडून त्याने स्वतःसुद्धा कधी ऐकली नाही. म्हणून खरं तर मला तो "विसरलेला कंपोझर" शब्दच खटकतो. विसरायला आधी माहिती असावं लागतं ना.

हा होता कोण

१ ऑगस्ट १८५८ला व्हिएन्नाच्या एका उपनगरात जन्मला. आईवडील दोघं रंगभूमीवरचे, वडील व्हिएन्नात नावाजलेले विनोदी नट, आई नटी आणि गायिका. आई १८७२मध्ये गेली, वडिलांना स्टेजवर अपघात झाला आणि १८७६मध्ये तेही गेले. म्हणजे अठराव्या वर्षी पोरका. कॉन्झर्व्हेटरीने, म्हणजे तिथल्या संगीताच्या कॉलेजने, त्याची फी माफ केली आणि पोटासाठी तो एका चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा.

ऑर्गन शिकवायला होता आन्टोन ब्रुकनर, जो स्वतः मोठा सिम्फनीकार पण तेव्हा व्हिएन्नात त्याची बऱ्यापैकी टिंगल चालायची. आणि कॉलेजात बरोबरीला दोन वर्षांनी लहान असा एक मुलगा होता, गुस्टाव माहलर. (माहलर १८६०चा. आपले भातखंडेही १८६०चेच, महिनाभराचं अंतर. याचा पुढच्या गोष्टीशी काही संबंध नाही, मला आपली गंमत वाटते.)

१८७८मध्ये कॉलेजच्या कंपोझिशन स्पर्धेत रॉटने या सिम्फनीचा पहिला भाग दिला. माहलरला त्या वर्षी बक्षीस मिळालं, रॉटला नाही. परीक्षक हसले, तेव्हा ब्रुकनर उठून म्हणाला की हसू नका, या माणसाचं मोठं काम तुमच्या कानावर येईल, असं सांगतात. आलं, पण त्या खोलीतलं कुणी तोवर जिवंत नव्हतं.

लेट रोमँटिक म्हणजे रोमान्स नव्हे

हा शब्द एकदाच समजून घेऊ आणि सोडून देऊ. रोमँटिक म्हणजे साधारण एकोणिसाव्या शतकातलं, ज्यात भावना, निसर्ग, गोष्ट, नाट्य यांना मोकळं सोडलंय असं संगीत. लेट रोमँटिक म्हणजे त्याचा शेवटचा टप्पा, साधारण १८७०-८० पासून पहिल्या महायुद्धाच्या आसपासपर्यंत, जिथे ऑर्केस्ट्रा फुगत गेला, रचना लांबत गेल्या आणि शेवटाला पितळी वाद्यांचा असा कल्लोळ की शेजारी उठून येतील.

व्हिएन्नात तेव्हा दोन तट होते. एक योहानेस ब्राम्सचा, जुन्या बांधणीला धरून शिस्तीत लिहिणारा. दुसरा ऑपेरावाल्या रिचर्ड वाग्नरला मानणारा, त्यात ब्रुकनर. दोन्ही बाजूंचे समीक्षक एकमेकांना पेपरातून सोलून काढायचे. घराण्यांची भांडणं आपल्याला सांगायला नकोत, तेच, फक्त कोट घालून. ब्रुकनरचा चेला म्हणून रॉटवर वाग्नरवाल्यांचा शिक्का बसलेला होता.

ब्राम्सकडे जाणं आणि आगगाडी

सिम्फनी पूर्ण झाल्यावर सप्टेंबर १८८०मध्ये हा बावीस वर्षांचा मुलगा ती घेऊन थेट ब्राम्सकडे गेला. यातली बोच अशी की सिम्फनीच्या शेवटच्या भागातली मुख्य धून ब्राम्सच्याच पहिल्या सिम्फनीच्या (१८७६) शेवटाकडे उघड उघड बघून लिहिलेली आहे. विरुद्ध तटातला मुलगा समोरच्या उस्तादाला नमस्कार घालतोय असं म्हणा. ब्राम्सला तो नमस्कार दिसला नाही की नको होता कोण जाणे, त्याने जे सुनावलं त्याचा आशय असा सांगतात की यात चांगलं आहे तसं फालतूही इतकं आहे की चांगलं ते तुझं नसावं. हान्स रिक्टर हा बडा कंडक्टर, त्याच्याकडेही स्कोअर नेला, तो गोड बोलला पण वाजवायचं काही जमलं नाही.

व्हिएन्नात पैशाची सोय होईना म्हणून मुलूझला, जे आज फ्रान्समध्ये आहे पण तेव्हा जर्मन साम्राज्यात होतं, तिथे कॉयर, म्हणजे गायकांचा समूह, सांभाळायची नोकरी धरली, मनात नसताना. ऑक्टोबर १८८०मध्ये तिकडे जाताना गाडीत एका प्रवाशाने सिगार पेटवायला काडी काढली तर रॉटने त्याच्यावर रिव्हॉल्व्हर रोखलं, म्हणाला पेटवू नका, ब्राम्सने गाडीत डायनामाइट भरलंय.

तिथून त्याला परत व्हिएन्नात हॉस्पिटलात आणि मग मनोरुग्णालयात ठेवलं. तिथेही काही काळ लिहित होता, आणि लिहिलेले कागद संडासात वापरायचा, म्हणायचा माणसाच्या कामाची लायकी एवढीच. २५ जून १८८४ला क्षयाने गेला. पंचवीस वर्षं दहा महिने वय.

इथे बरेच जण ब्राम्सला खलनायक करून मोकळे होतात. मला ते पटत नाही. ब्राम्स वागायला खडूस होता हे खरं, पण एका बोलण्याने कुणाला अशा थराचे भास होत नाहीत, तो आजार होता आणि आतून येत होता, ब्राम्सचं नाव त्यात सापडलं इतकंच. आणि जीव घेतला तो क्षयाने.

मग कपाटातून बाहेर काढली कुणी

आधी हे की कपाटात राहिली तरी कशी, रद्दीत का नाही गेली? मित्रांमुळे. जोसेफ झेम्युलर नावाचा मित्र, पुढे जर्मन भाषेचा प्राध्यापक झाला, त्याने कागद सांभाळले आणि शेवटी ते व्हिएन्नाच्या ऑस्ट्रियन नॅशनल लायब्ररीत पोचले. तिथे नोंद होती, नंबर होता, मागितलं असतं तर टेबलावर आणून दिलं असतं. मागायला कुणी येत नव्हतं.

मागायला लोक आले ते माहलरमुळे, आणि मला या सगळ्यातला हाच भाग सगळ्यात शिकण्यासारखा वाटतो. कारण माहलर स्वतः १९११मध्ये गेल्यावर कितीतरी वर्षं कमीच वाजायचा, नाझींनी तर तो ज्यू म्हणून बंदच केला. १९६०मध्ये त्याची जन्मशताब्दी आली, लेनर्ड बर्नस्टाइनसारख्या कंडक्टरने त्याच्या सिम्फनी रेकॉर्ड केल्या, आणि मग तो जगभर गाजला. एखादा माणूस मोठा झाला की अभ्यासक त्याच्या वह्या, पत्रं, वर्गमित्र सगळं उकरतात. त्यात पॉल बँक्स हा ब्रिटिश अभ्यासक माहलरच्या तरुणपणावर काम करत होता आणि तो वर्गमित्रापर्यंत पोचला. म्हणजे रॉट सापडला तो शेजारच्याचं घर खणताना.

मग बँक्सने स्कोअर वाजवता येईल असा तयार केला. हे काम नुसतं टाइप करण्याचं नाही. हाताने लिहिलेला स्कोअर म्हणजे खाडाखोड, एका ओळीत हळू लिहिलंय आणि शेजारच्या ओळीत जोरात, एखादा स्वर कोमल करायची खूण राहून गेलेली, आणि विचारायला कंपोझर नाही. मोडी कागद वाचणाऱ्यांना हे लगेच कळेल, अक्षर लागणं वेगळं आणि अर्थ लागणं वेगळं.

आणि पहिल्यांदा वाजवली कुणी? बर्लिन, व्हिएन्ना, न्यूयॉर्क कुणी नाही. अमेरिकेत ओहायोतल्या सिनसिनाटीच्या म्युझिक कॉलेजचा ऑर्केस्ट्रा, विद्यार्थी, कंडक्टर गेरहार्ड सॅम्युएल. रॉट कॉलेजात नापसंत झाला होता आणि १११ वर्षांनी कॉलेजच्याच मुलांनी त्याला वाजवलं, मोठ्या ऑर्केस्ट्रांना तिकीट विक्रीची काळजी असते, विद्यार्थ्यांना नसते, साधं कारण असेल. त्यांचं रेकॉर्डिंगही निघालं, ते ऐकून बाकीचे जागे झाले. २००२मध्ये व्हिएन्नात त्याच्या नावाची सोसायटी निघाली. २०२२मध्ये याकुब ह्रुशा आणि बाम्बर्ग सिम्फनी यांचं रेकॉर्डिंग डॉइच ग्रामोफोन या बड्या रेकॉर्ड कंपनीवर आलं, या धंद्यात त्या पिवळ्या लेबलवर येणं म्हणजे पंगतीत पाट मिळाल्यासारखं.

"एवढी चांगली असती तर आधीच वाजली नसती का?"

हा प्रश्न नेहमी येतो आणि तो अगदीच चुकीचा नाही. बऱ्याच रचना विसरल्या जातात कारण त्या कंटाळवाण्या असतात, काळाची चाळणी म्हणतात ती थोडी काम करतेच. पण चाळणीत पडायला आधी धान्य ओतावं लागतं. रॉटचं धान्य पोत्यातच होतं. ऐकून नापसंत केलेलं आणि ऐकलंच नाही, हे दोन वेगळे ढीग आहेत आणि शंभर वर्षांनी लांबून दोन्ही सारखेच दिसतात.

बरं, ज्याच्या दर्जाबद्दल कुणाला शंका नाही त्याचंही असं होतं. बाखचं सेंट मॅथ्यू पॅशन (गायक आणि ऑर्केस्ट्रासाठीची मोठी धार्मिक रचना) त्याच्या मृत्यूनंतर जवळपास कुणी ऐकलं नव्हतं, ते १८२९मध्ये बर्लिनमध्ये वीस वर्षांच्या मेंडेलसोनने पुन्हा उभं केलं.

आणि रॉट काही परिपूर्ण आहे असं मी म्हणणार नाही. शेवटचा भाग वीस मिनिटांच्या वर जातो आणि मध्ये दोनदा तरी वाटतं की आता संपवेल, तो संपवत नाही. ट्रँगल, म्हणजे काडीने वाजवायचा धातूचा त्रिकोण, तर इतका वाजतो की काही जण त्यावरून अजून विनोद करतात. ऑर्केस्ट्राचा आवाज त्याने प्रत्यक्ष ऐकून दुरुस्त केलेला नाही ना, पहिला प्रयोग बघितल्याशिवाय नाटकाची कात्री लागत नाही तसं.

"म्हणजे माहलरने ढापलं?"

रॉटच्या तिसऱ्या भागातलं, म्हणजे स्केर्त्सोतलं (नाचऱ्या तालाचा मधला भाग), दणकट ठेक्याचं संगीत ऐका आणि लगेच माहलरच्या पहिल्या सिम्फनीचा दुसरा भाग लावा. माहलरची पहिली १८८८ची, रॉटची १८८०ची. दोघांचं नातं लपत नाही, आणि पुढच्या सिम्फनीतही रॉटच्या सावल्या दिसतात.

पण ढापलं म्हणताना जपून. माहलरने हे लपवलं नव्हतं. १९०० साली त्याने रॉटचा स्कोअर वाचायला नेला होता आणि नाताली बाउअर-लेश्नर या मैत्रिणीला तो जे बोलला ते तिने टिपून ठेवलंय. आशय असा, की या माणसाच्या जाण्याने संगीताचं किती नुकसान झालं ते मोजता येणार नाही, मला जशी सिम्फनी अभिप्रेत आहे तशा नव्या सिम्फनीचा पाया यानेच घातला, आम्ही दोघं एकाच झाडाची फळं. आणि त्याच दमात हेही, की लांब फेकायला कुणी जोरात हात मागे घ्यावा आणि नेम थोडका चुकावा तसं त्याचं झालंय. मला यापेक्षा चांगलं परीक्षण अजून मिळालेलं नाही.

उसनं घेण्याचं म्हणाल तर ही साखळीच आहे. रॉटची धून ब्राम्ससारखी, ब्राम्सची ती धून बीथोव्हेनच्या नवव्या सिम्फनीतल्यासारखी, आणि ते कुणी दाखवून दिल्यावर ब्राम्स म्हणाल्याचं सांगतात की हे तर कुठल्याही गाढवाला कळतं. एकाच रागात दोन बंदिशींचा मुखडा जवळ जवळ जातो म्हणून आपण पोलिसात जात नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. १९००मध्ये माहलर व्हिएन्नाच्या ऑपेराचा डायरेक्टर होता आणि व्हिएन्ना फिलहार्मोनिकचा कंडक्टर होता. पार्ट उतरवायचे पैसे, तालमी, हॉल, वजन, वर जे जे लागतं म्हणून सांगितलं ते सगळं त्याच्या हाताशी होतं. स्कोअरही हातात होता. वाजवली नाही.

"दर्दभरी गोष्ट आहे म्हणून ऐकतात लोक"

खरंय, रिव्हॉल्व्हर आणि डायनामाइट नसतं तर तुम्ही इथपर्यंत वाचलं असतं का शंका आहे. गोष्टीमुळे माणूस पहिल्यांदा प्ले दाबतो. दुसऱ्यांदा दाबायला संगीतच लागतं.

आणि गोष्ट प्रत्येकाची वेगळी असते. एरिक कोर्नगोल्ड, फ्रान्त्स श्रेकर, झेम्लिन्स्की हे रॉटसारखे न वाजलेले नव्हते, श्रेकरचे ऑपेरा तर एके काळी तुफान चालायचे. ते ज्यू म्हणून किंवा ज्यू वंशाचे म्हणून नाझींनी पुसले, आणि युद्धानंतर फॅशन बदललेली, असलं भरजरी संगीत जुनाट वाटायला लागलं, म्हणून दुसऱ्यांदा पुसले गेले. कोर्नगोल्ड हॉलिवूडला गेला, रॉबिन हूडच्या सिनेमासाठी ऑस्करही मिळालं, तर लोक म्हणाले हा काय, फिल्मवाला. अमेरिकेत फ्लॉरेन्स प्राइस ही कृष्णवर्णीय बाई, तिची पहिली सिम्फनी १९३३मध्ये शिकागो सिम्फनीने वाजवली होती, पुढे एका बड्या कंडक्टरला पत्रात तिने सरळ लिहिलं की मला दोन अडचणी आहेत, मी बाई आहे आणि माझा वंश. १९५३मध्ये ती गेली. २००९मध्ये इलिनॉयमधल्या सेंट ॲन गावात एका पडक्या घराची डागडुजी करताना नव्या मालकांना तिच्या हस्तलिखितांचे गठ्ठे मिळाले. अजून एक-दोन पावसाळे गेले असते तर संपलंच होतं.

आपला झुबिन मेहता मुंबईहून व्हिएन्नाला शिकायला गेला, आणि १९७१मध्ये त्याने व्हिएन्ना फिलहार्मोनिकबरोबर फ्रान्त्स श्मिटची चौथी सिम्फनी रेकॉर्ड केली, तोही असाच व्हिएन्नाबाहेर फारसा कुणाला माहीत नसलेला लेट रोमँटिक. ते रेकॉर्डिंग आजही काढून ऐकतात लोक.

ऐकायचं कुठून

भाचीला सांगितलं तेच सांगतो. सुरुवातीपासून बसू नका, तिसरा भाग आधी लावा, साधारण बारा मिनिटं आहेत आणि त्यात झोप येणं शक्य नाही. आवडला तर मग पहिला भाग, तिथे सुरुवातीलाच व्हायोलिनच्या झुळुकीवर एकटा ट्रम्पेट एक धून सांगतो, ती लक्षात ठेवा, कारण तासाभराने शेवटच्या भागाच्या अखेरीस ती परत येते आणि तेव्हा ओळख पटली तर मजा आहे. दुसरा भाग रात्री. चौथा सुट्टीच्या दिवशी, आणि त्यात ट्रँगल मोजायला जाऊ नका, मी एकदा बसलो होतो, पाच मिनिटांत हात टेकले.